हवेतला चिमूटभर वायू पृथ्वीला कसा तापवतो?

उन्हाळा लागला की प्रत्येक वस्तीत एक वाक्य हमखास कानावर येते. "पूर्वी एवढं ऊन नव्हतं हो!" आजी म्हणते, नाक्यावरचा रिक्षावाला म्हणतो, पत्र्याच्या खोलीत दुपारी लेकराला वारा घालत बसलेली आई म्हणते. ही माणसे खोटे बोलत नाहीत. पण नुसत्या आठवणीवर विसंबून चालत नाही. आठवणीतला पाऊस नेहमीच जास्त असतो आणि आठवणीतले आंबे नेहमीच गोड असतात. शिवाय एखादा उन्हाळा कडक निघाला म्हणून पृथ्वी तापली असे होत नाही, आणि एखाद्या डिसेंबरात हुडहुडी भरली म्हणून ती निवली असेही होत नाही. त्यासाठी साऱ्या जगाचे, जमिनीवरचे आणि समुद्रावरचे, वर्षानुवर्षांचे तापमान मोजून त्याची सरासरी काढावी लागते.

ती काढलेली आहे. १८५० ते १९०० या काळातली सरासरी पायाला धरली, तर २०२४ हे साल तिच्याहून सुमारे दीड अंश सेल्सिअसने उष्ण ठरले. तोवरच्या नोंदींत इतके उष्ण वर्ष दुसरे नव्हते. त्या नोंदींतली सर्वांत उष्ण दहा वर्षे कोणती म्हणाल, तर २०१५ ते २०२४ हीच ओळीने दहा.

दीड अंशाचे एवढे काय, असे कुणालाही वाटेल. पहाटे आणि दुपारी दहा-पंधरा अंशांचा फरक पडतोच की! शंका रास्त आहे. पण हा एका गावाचा एका दिवसाचा आकडा नव्हे, साऱ्या पृथ्वीची सरासरी आहे, आणि ती सहजासहजी हलत नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होते. कॅनडा आणि उत्तर युरोप किलोमीटर-किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली गाडले गेले होते. त्या वेळी पृथ्वीची सरासरी पुढच्या काळापेक्षा किती कमी होती? अवघी पाच ते सात अंश. त्यावरून दीड अंशाचे वजन कळेल.

या तापण्याचे मुख्य कारण हवेतल्या काही वायूंची वाढ हे आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. आता शास्त्रज्ञ सांगतात म्हणून मान डोलवायची, की कुणी "हे सगळे थोतांड आहे" म्हटले म्हणून सोडून द्यायचे? वाचक बंधू-भगिनींनो, दोन्ही नको. त्यांना हे कळले कसे, ते आधी पाहू. मग मानायचे की नाही ते आपले आपण ठरवू.

तवा आणि गोधडी

भाकरी झाल्यावर तवा चुलीवरून उतरवून ठेवतो. तो लाल दिसत नाही, त्यातून उजेड येत नाही. तरी हात नुसता जवळ नेला की धग लागते. तापलेल्या वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण बाहेर पडत असतात. शास्त्रात त्यांना अवरक्त किरण म्हणतात. आपली पृथ्वी हाही असाच एक तवा आहे. दिवसा सूर्याचा प्रकाश हवेतून आरपार येतो, जमीन आणि समुद्र तापवतो. मग तापलेली पृथ्वी ती उष्णता न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने रात्रंदिवस आकाशाकडे परत सोडत असते. जेवढी आली तेवढी गेली, तर तापमान एका ठिकाणी टिकते.

गंमत पुढे आहे. सूर्यप्रकाशाला वाट देणारी हवा या परतीच्या किरणांना तशी सरळ वाट देत नाही. हवेतले काही वायू ते किरण शोषतात आणि त्यातली काही उष्णता पुन्हा खाली पाठवतात. हे काम गोधडीसारखे आहे. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करत नाही. आपल्याच अंगाची ऊब ती लवकर बाहेर जाऊ देत नाही. पृथ्वीला ही गोधडी नसती, तर तिची सरासरी शून्याखाली अठरा अंशांच्या आसपास असती, आज ती शून्यावर पंधरा अंशांच्या आसपास आहे. म्हणजे हे वायू मुळात आपले वैरी नव्हेत. त्यांच्याचमुळे इथे पाणी वाहते आणि धान्य पिकते. घोटाळा झाला तो आपण गोधडीवर आणखी थर चढवत गेलो म्हणून.

हवेत नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के आणि आरगॉन जवळपास एक टक्का. एवढ्यातच शंभरातले साडेनव्याण्णवाहून जास्त संपले. पण या तिघांना परतीची उष्णता जवळपास अडवताच येत नाही. ऑक्सिजनच्या रेणूत सारखेच दोन अणू असतात, नायट्रोजनच्याही तसेच. आरगॉनचा तर अणू एकटाच. उष्णतेचे किरण त्यांना शिवल्यासारखे न करता निघून जातात. तीन किंवा अधिक अणूंचे रेणू, जसे पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, हे मात्र त्या किरणांनी वाकतात, ताणतात, थरथरतात, आणि तसे करताना त्यांची उष्णता पकडतात. कार्बन डायऑक्साइडला आपण पुढे थोडक्यात कर्बवायू म्हणू. हवेच्या दर दहा हजार कणांत तो जेमतेम चार आहे. "चाराने काय होते?" असे विचारणाऱ्याने ध्यानात घ्यावे, की उरलेल्या बहुतेक सगळ्यांना हे काम येतच नाही. शंभर माणसांच्या गावात एकच सुईण असेल, तर तिची गणती शंभरातली एक अशी करून भागत नाही.

एका बाईचा प्रयोग

ही गोष्ट पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आली? पुस्तकांत बरीच वर्षे जॉन टिंडल या शास्त्रज्ञाचे नाव दिले जात होते. पण त्याच्या तीन वर्षे आधी, १८५६ साली, युनिस फूट नावाच्या एका अमेरिकन बाईने काचेची दोन नळकांडी घेतली, त्यांत तापमापक ठेवले आणि वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. साध्या हवेचे नळकांडे सुमारे ४१ अंश सेल्सिअसपर्यंत तापले. कर्बवायूचे जवळपास ५२ अंशांपर्यंत गेले. शिवाय उन्हातून काढल्यावर ते निवायलाही कितीतरी जास्त वेळ लागला. त्यावरून बाईंनी लिहून ठेवले, की पृथ्वीच्या हवेत कधी काळी या वायूचे प्रमाण जास्त असेल, तर तेव्हा पृथ्वीही जास्त उष्ण असली पाहिजे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आल्बनी शहरात शास्त्रज्ञांचे अधिवेशन भरले. तिथे हा निबंध वाचला गेला, पण बाईंनी वाचला नाही. जोसेफ हेन्री नावाच्या प्राध्यापकांनी तो त्यांच्या वतीने वाचला. पुढे त्या विस्मरणात गेल्या. त्यांचे नाव पुन्हा वर आले ते २०११ च्या सुमारास, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांनी. याच युनिस फूट १८४८ मध्ये सेनेका फॉल्स इथे स्त्रियांच्या हक्कांच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक होत्या. आपल्याकडे पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेच हे साल!

फूटबाईंच्या प्रयोगातून एक गोष्ट सुटी होत नव्हती: वायू सूर्यामुळे तापला की परतीच्या न दिसणाऱ्या किरणांमुळे? ते काम लंडनमध्ये टिंडलने १८५९ पासून केले. त्याने लांब नळीत वायू भरले, एका टोकाला उष्णता ठेवली आणि दुसऱ्या टोकाला किती पोचते ते मोजले. ऑक्सिजन आणि नायट्रोजनमधून जवळपास सगळी पार झाली. पाण्याची वाफ आणि कर्बवायू यांनी ती अडवली.

पुढचा हिशोब स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनिअसने केला. हवेतला कर्बवायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, हे त्याने हातानेच आकडेमोड करून १८९६ मध्ये छापले. उत्तर आले पाच-सहा अंश. आज मोठमोठे संगणक लावून शास्त्रज्ञ अडीच ते चार अंशांचा अंदाज देतात. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कागद-पेन्सिलीला हे काही कमी नाही. मात्र वायू तेवढा वाढायला फार मोठा काळ लागेल असे त्याला वाटत होते, आणि थंड देशांना थोडी ऊब मिळाली तर बरेच, असेही त्याचे मत होते. स्वीडनच्या थंडीत बसून तसे वाटणे साहजिक आहे. विदर्भात राहिला असता तर कदाचित वेगळे लिहिले असते.

१९३८ मध्ये इंग्लंडच्या गाय कॅलेंडर या वाफेच्या यंत्रांवर काम करणाऱ्या इंजिनिअरने जगभरच्या तापमानाच्या नोंदी गोळा करून दाखवले, की पृथ्वी तापू लागली आहेच. तेव्हा फारसे कुणी मनावर घेतले नाही. एक गोष्ट कमी होती. हवेतला कर्बवायू खरोखर वाढतो आहे का, हे कुणी नीट मोजलेच नव्हते.

डोंगरावरची वही

ते मोजले चार्ल्स डेव्हिड कीलिंगने. हा माणूस मोजमापाच्या बाबतीत हट्टी होता. कॅलिफोर्नियाच्या जंगलात मुक्काम ठोकून तो रात्री-बेरात्री अंथरुणातून उठायचा आणि काचेच्या कुप्यांत हवा भरून घ्यायचा. मार्च १९५८ मध्ये त्याचे यंत्र प्रशांत महासागरातल्या हवाई बेटावर, मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर सुरू झाले. जागा मुद्दाम तशी निवडली. शहर, कारखाना, जंगल यांपासून दूर, चहूकडे समुद्र. जवळच्या कुठल्याही धुराड्याचा डाग आकड्यावर पडू नये.

पहिला आकडा आला दहा लाखांत ३१३. मग मे महिन्यापर्यंत तो चढला आणि ऑक्टोबरपर्यंत उतरला. यंत्र बिघडले की काय, अशी शंका आली. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, त्याच महिन्यांत. तेव्हा उलगडा झाला. जगातली बहुतेक जमीन उत्तर गोलार्धात आहे. तिथे उन्हाळ्यात झाडे पालवली की ती हवेतला कर्बवायू ओढून घेतात. हिवाळ्यात पाने कुजली की तो परत हवेत जातो. साऱ्या पृथ्वीचा हा श्वास-उच्छ्वास एका डोंगरावर बसलेल्या यंत्राने टिपला होता.

पण त्याच वहीत दुसरीही गोष्ट होती. दर वर्षीचा उच्चांक मागच्या वर्षीपेक्षा थोडा वर असायचा आणि नीचांकही थोडा वर. १९६४ मध्ये पैसे तुटल्याने मोजणी काही महिने बंद पडली. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ज्वालामुखी जागा होऊन रस्ता आणि वीज तुटली, तेव्हा शेजारच्या मौना केआ या डोंगरावर मोजणी हलवावी लागली. कीलिंग २००५ मध्ये वारले. तरी वही चालूच राहिली. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेत हा वायू दहा लाखांत सुमारे २८० होता. १९५८ मध्ये तो ३१५ च्या आसपास होता. २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर गेली. म्हणजे मुळापेक्षा दीडपट!

हा वायू आपलाच कशावरून?

वाढ झाली हे खरे. पण ती माणसाने केली कशावरून? समुद्रातून आली असेल, ज्वालामुखीतून आली असेल. हा प्रश्न कोर्टात उलटतपासणी घेणाऱ्या वकिलासारखा विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तरही पुराव्यानिशीच आहे.

चंद्रपूरच्या वीज केंद्राचे उदाहरण घ्या. राज्य सरकारच्या मालकीचे हे सर्वांत मोठे औष्णिक केंद्र. तिथे जळणारा दगडी कोळसा म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचा गाडला गेलेला कार्बन. कार्बनचा एक प्रकार असा असतो, की तो जिवंत झाडात सतत येत राहतो आणि झाड मेल्यावर हळूहळू विरत जातो. त्याला कार्बन-१४ म्हणतात. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. कोट्यवधी वर्षांच्या कोळशात आणि तेलात तो शिल्लकच नसतो. तेव्हा हवेत शिरलेला जादा कर्बवायू कोळशा-तेलाचा असेल, तर हवेतले कार्बन-१४ चे प्रमाण पातळ झाले पाहिजे. दुधात पाणी घातल्यासारखे. १९५५ मध्ये हान्स झ्यूस याने झाडांच्या खोडातली वर्तुळे तपासून नेमके हेच दाखवले.

दुसरा पुरावा वजनाचा. एक किलो निव्वळ कार्बन जाळला की कर्बवायू तयार होतो साडेतीन किलोहून जास्त. हे जादा वजन आले कुठून? हवेतल्या ऑक्सिजनमधून. म्हणजे जळण्यातून वायू येत असेल तर ऑक्सिजन घटला पाहिजे. ज्वालामुखीतून किंवा समुद्रातून येत असेल तर घटण्याचे कारण नाही. कीलिंग यांचे पुत्र राल्फ यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ऑक्सिजन बारकाईने मोजायला घेतला. तो घटतोच आहे. घाबरू नका, हवेत तो भरपूर आहे, त्यामुळे कुणाचा श्वास कोंडणार नाही. पण चोराच्या पावलाचा ठसा मात्र मिळाला. राहिले ज्वालामुखी. ते सगळे मिळून वर्षाला जेवढा कर्बवायू सोडतात, तो माणसाच्या शंभराव्या हिश्शाएवढाही नाही.

मुले हमखास विचारतात: आपणही उच्छ्वासातून हाच वायू सोडतो ना? शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, तो हाच वायू. खरे आहे. पण आपल्या श्वासातला कार्बन आपण खाल्लेल्या ज्वारी-तांदळातला असतो, आणि त्या पिकाने तो वर्षा-दोन वर्षांपूर्वीच हवेतून घेतलेला असतो. घेतला तेवढाच परत दिला, म्हणून हिशोब फिटला. कोळशाचे तसे नाही. कोट्यवधी वर्षे जमिनीत कुलूपबंद असलेले आपण दोन-अडीचशे वर्षांत उघड्यावर आणले.

सूर्यावरही संशय घेतला गेला. उपग्रहांनी १९७८ पासून सूर्याचे तेज मोजले आहे. ते अकरा वर्षांच्या चक्रात थोडे वर-खाली होते, वाढत गेलेले नाही. शिवाय सूर्य तापला असता तर हवेचे खालचे आणि वरचे, दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि खूप उंचावरचा थर निवतो आहे. गोधडीच्या आत ऊब आणि बाहेरच्या बाजूला गारवा, असे हे चित्र.

आधी कोंबडी की आधी अंडे?

अंटार्क्टिकावर लाखो वर्षे बर्फ पडून साठत आले. त्यात त्या-त्या काळच्या हवेचे बुडबुडे अडकले. खोल भोके पाडून ते बर्फ काढले, तेव्हा आठ लाख वर्षांची जुनी हवा हाती लागली. एवढ्या काळात कर्बवायू दहा लाखांत १७० ते ३०० यांच्या दरम्यान राहिला. ३०० ची वेस त्याने ओलांडली नाही. २०२४ चा ४२४ त्याच्यापुढे ठेवून पाहा.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्या बर्फात बऱ्याचदा आधी तापमान चढू लागलेले दिसते आणि कर्बवायू मागून वाढलेला दिसतो. मग वायूने ताप आला की तापाने वायू? दोन्ही होते. हिमयुगे संपली ती पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फिरण्यातल्या सूक्ष्म बदलांनी. थोडी ऊब आली, समुद्र तापला आणि त्यातला विरघळलेला वायू बाहेर पडू लागला, जशी उन्हात ठेवलेली सोड्याची बाटली उघडताच फसफसते. त्या वायूने ऊब आणखी वाढवली. त्या वेळी सुरुवात सूर्याच्या बाजूने झाली. आज सुरुवात आपण वायू ओतून केली आहे.

बाकीचे भाऊबंद

कर्बवायू एकटा नाही. मिथेन हवेत त्याच्यापेक्षा फार कमी आहे, पण शंभर वर्षांचा हिशोब धरला तर वजनाला वजन तो अठ्ठावीसपट ताप देतो. कारखानदारीपूर्वीच्या तुलनेत तो अडीचपटीहून जास्त झाला आहे. भाताची पाणी भरलेली खाचरे, रवंथ करणारी जनावरे, कोळशाच्या खाणी, गॅसच्या गळक्या वाहिन्या आणि कचऱ्याचे डोंगर ही त्याची माहेरघरे. मुंबईत गोवंडीजवळच्या देवनारच्या क्षेपणभूमीवर १९२७ पासून कचरा पडत आला. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, तिथे ओला कचरा कुजला की मिथेन तयार होतो, आणि तो पेटणारा वायू आहे. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तिथे मोठी आग लागली. धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, शाळांना सुट्टी द्यावी लागली. तो धूर आधी कुणाच्या घरात शिरला, हे त्या वस्त्यांतल्या वाचकांना सांगायला नको.

थंडाई यंत्रांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुओरोकार्बन हे वायू ओझोनच्या थराला भोक पाडतात म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारान्वये त्यांच्यावर बंधने आली. ओझोनचे भोक आणि पृथ्वीचे तापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; बरेच जण त्यांची गल्लत करतात. पण हे वायू गोधडीचेही काम करतात, आणि तेही जबर. हे १९७५ मध्ये दाखवले वीरभद्रन रामनाथन यांनी. शिक्षण झाल्यावर हा तरुण सिकंदराबादच्या एका फ्रिजच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि यंत्रातून हाच वायू गळू नये हे पाहणे त्याचे काम होते!

आणि पाण्याची वाफ? गोधडीचा सर्वांत जाड थर तिचाच आहे. पण वाफ हवेत आठ-दहा दिवस टिकते, मग पाऊस होऊन पडते. ती स्वतः सुरुवात करत नाही. दुसऱ्या कशाने हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते, आणि ती वाफ तापात भर घालते. कर्बवायू विस्तव लावतो, वाफ फुंकणी मारते.

ही वाफ कष्टकऱ्याच्या थेट अंगावर येते. आपले शरीर निवते ते घाम सुकल्याने. हवा दमट असेल तर घाम सुकत नाही, नुसता निथळतो, आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. स्लॅब टाकणारे, झाडलोट करणारे, वीटभट्टीवर राबणारे, शेतात खुरपणारे यांना सावलीत बसण्याची सवड नसते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली. त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसे दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला. आधी इशारा, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी. पुढे नागपूरसह इतर शहरांनीही असे आराखडे केले. आपल्या नगरपालिकेचा आहे का आणि असला तर कागदावर आहे की नाक्यावर, हे नगरसेवकाला विचारायला हरकत नाही.

टाकी भरली कुणी?

धूळ आणि काजळी चार-आठ दिवसांत खाली बसते. म्हणून चंद्रपूरची राख चंद्रपूरच्या छपरांवर पडते. कर्बवायूचे तसे नसते. तो जगभर पसरतो आणि टिकतो. आज सोडलेल्यातला निम्मा समुद्र आणि झाडे शोषून घेतात, उरलेल्यातला बराच भाग शतकानुशतके हवेत राहतो. त्यामुळे आज कुणी किती सोडले एवढेच पाहून भागत नाही, टाकी आजवर कुणी भरली हेही पाहावे लागते. कोळसा आणि तेल जाळून आजवर जेवढा वायू जगाने सोडला, त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. आजही तिथला माणूस सरासरीने वर्षाला चौदा टनांच्या आसपास सोडतो, भारतातला दोन टनांच्या आसपास. भारताच्या सरासरीतही वातानुकूलित बंगला आणि एका पंख्याची खोली एकत्र मोजली जातात. खोलीवाल्याच्या वाट्याचा धूर थोडा आणि ऊन फार.

टाकीत भर घालणे उद्या थांबले तर? पृथ्वी पुढे तापायची जवळपास थांबेल, पण लगेच निवणार नाही. मिथेनचे बरे आहे. तो दहा-बारा वर्षांत विरतो. म्हणून कचऱ्याच्या ढिगांचा आणि गळक्या वाहिन्यांचा बंदोबस्त केला, तर त्याचा गुण आपल्या हयातीत दिसेल.

ही मोजणी फक्त परदेशातच होते असे मात्र कुणी समजू नये. गोव्यात काब द रामच्या कड्यावर १९९३ पासून काही वर्षे समुद्रावरून येणारी हवा कुप्यांत भरून तपासली गेली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून सिंहगडावर हवेचे नमुने घ्यायला सुरुवात केली. रविवारी पिठलं-भाकरी खायला आणि दही प्यायला आपण ज्या गडावर जातो, तोच हा गड. पावसाळ्यात समुद्रावरचा वारा येतो आणि घाटातली झाडी वाढीला लागते तेव्हा तिथला आकडा उतरतो, आणि पाऊस सरल्यावर पुन्हा चढू लागतो.